भिंतीबाहेरचा पाद्री

माझ्या धाकट्या बहिणीचं, नातलचं, लग्न झालं ते साल छप्पन्न. जानेवारीत तिला वाजतगाजत शेजारच्या गावी दिली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात, एका मंगळवारी सकाळी, मी अनवाणी पायांनी केळीच्या वाड्यांमधून फादरना बोलवायला धावत होतो.

घरी माझी बायको रेमेतीन बाळंत झाली होती. दिवस भरायला अजून महिना होता. पेद्रीन सुईण लेकीकडे गेलेली. माझ्या आयेनं एकटीनं सगळं निभावलं. मी ओटीवर उभा. आतून रडणं ऐकू आलं, पण मांजराच्या पिलासारखं बारीक. मग आय दारात आली. तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं बाळ होतं.

"मुलगी आहे," ती म्हणाली. "पण बस्त्याव, हिचा रंग बरा दिसत नाही. फादरना आण. बाप्तिस्मा झाल्याशिवाय जायला नको ही."

आतून रेमेतीन म्हणाली, "उभा काय राहिलास? जा ना!"

मी बाळाचं तोंडही धड पाहिलं नाही. फडक्याबाहेर एक मूठ आली होती, तेवढी दिसली. आणि मी सुटलो.

देऊळ आमच्या पाड्यापासून दीड मैल. चर्चला आम्ही वसईकडचे जुने लोक देऊळच म्हणतो. तिथे पोचलो तर फादरचं दार बंद. झाडू मारणारी बाई म्हणाली, ते खालच्या आळीत गेलेत, डाबऱ्यांच्या नव्या विहिरीला आशीर्वाद द्यायला. मी खालच्या आळीत गेलो. विहिरीजवळ फुलांचा हार आणि विझलेल्या मेणबत्त्या, माणूस एक नाही. कोणी सांगितलं, डाबऱ्यांच्याच मळ्यातल्या घरी गेले. तिथे सापडले. फादर इनास न्याहारीला बसले होते. भोवती दहाबारा माणसं, हसणं चाललेलं.

"फादर, माझी पोर. आत्ता झाली. जगत नाही."

त्यांनी हातातली भाकरी ताटात टाकली आणि तसेच उठले. सायकल काढली. त्या सायकलीला मागे बसायला जागा नव्हती. ते पुढे आणि मी मागे धावत.

आम्ही पोचलो तेव्हा आय उंबऱ्याशी बसली होती. बाळ मांडीवर. तिनं त्याचं तोंड झाकलं होतं.

"कधी?" फादरनी विचारलं.

"बराच वेळ झाला. हा निघाल्यावर अर्धा तास होती. मग गेली."

फादर खाली बसले. फडकं बाजूला करून त्यांनी बाळाच्या छातीवर दोन बोटं ठेवली, गालाला हात लावला. बाळ गार पडलं होतं.

"पाणी कोणी घातलं?"

"कोण घालणार?" आय म्हणाली. "तुम्ही नव्हता."

फादरनी माझ्याकडे पाहिलं, मग आयेकडे. "अहो, बाळ जात असेल तर कोणीही घालावं. बापानं, आजीनं, शेजाऱ्यानं. घरातलं साधं पाणी डोक्यावर ओतायचं आणि बापाच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावानं बाप्तिस्मा देते म्हणायचं. झालं. फादर लागत नाही."

"बाईच्या हातानं?"

"बाईच्या हातानंसुद्धा, कातरीनबाय."

आयेनं मान वळवली आणि कोपऱ्यातल्या माठाकडे पाहिलं. "माठ इथंच होता," ती म्हणाली.

मी दोन आळ्या पालथ्या घातल्या होत्या, पाय फुटले होते, आणि जे करायला मी माणूस शोधत होतो ते मला उंबऱ्यावर उभ्या उभ्या करता आलं असतं. धर्मशिक्षणाला मी लहानपणी जेमतेम पंधरा दिवस गेलो. मग बाबांनी चुना कालवायला लावलं. ही गोष्ट सोळाव्या दिवशी शिकवत असतील.

आत रेमेतीन पडून होती. तिनं सगळं ऐकलं असणार.

*

बाप्तिस्मा न झालेल्या बाळाला तेव्हा कब्रस्तानात जागा नसे. फादरनी तसं सांगितलं. हळू आवाजात सांगितलं, पण सांगितलं. अशी बाळं पश्चिमेच्या भिंतीबाहेर ठेवत. तिथे गवत, करवंदीची जाळी आणि एक जुनं उंडीचं झाड. क्रूस नाही, नाव नाही. ज्याचं त्याला ठाऊक.

त्या संध्याकाळी मी आणि माझा चुलतभाऊ घाब्रू तिथे गेलो. घाब्रू आणि मी मिळून चुनाकाम करायचो. घरं, देऊळ, कब्रस्तानाची भिंत, सगळं आमच्याकडे. पेटी मी फळ्यांची केली होती. झाडाखाली मुळं लागली. पलीकडे कातळ. मऊ माती मिळाली ती भिंतीला लागून.

"इथे नको रे," घाब्रू म्हणाला.

"मग कुठे?"

"कुठेही. पण बाहेरच्या पाद्रीच्या कुशीत नको."

त्या जागी भिंतीत एक दगड होता. कमरेएवढ्या उंचीवर, दाराच्या फळीएवढा. गावात सगळे म्हणत, तो बाहेरच्या पाद्रीचा. फार जुन्या काळी आमच्या देवळात एक पाद्री होता आणि त्यानं घंटेच्या दोरीनं फास घेतला. म्हणून त्याला भिंतीआत जागा मिळाली नाही. असंच ऐकत आम्ही मोठे झालो. बायका तिथून जाताना पोरांना दुसऱ्या अंगाला घेत. मृतांच्या दिवशी अख्खं कब्रस्तान मेणबत्त्यांनी उजळायचं, पण त्या दगडापाशी कोणी काडीसुद्धा ओढली नाही.

दगडावर काही लिहिलं आहे का, हे कोणी विचारलं नव्हतं. दिसतच नव्हतं. दरवर्षी मृतांच्या दिवसाआधी भिंतीला चुना लागायचा, आतून आणि बाहेरून. माझा कुंचा भिंतीवरून फिरायचा तसा त्या दगडावरूनही फिरायचा. माझ्याआधी बाबांचा, त्यांच्याआधी आजोबांचा. थरावर थर चढून दगड भिंतीसारखाच झाला होता. कडा तेवढी हाताला लागायची.

"दुसरीकडे माती नाही," मी म्हणालो आणि खणायला लागलो.

*

बाळंतिणीनं चाळीस दिवस उंबरा ओलांडायचा नाही, असं आमच्यात होतं. रेमेतीननं पाचव्या दिवशी ओलांडला.

"कुठे निघालीस?" आय ओरडली. "लोक काय म्हणतील?"

"लोकांना पान्हा फुटलेला नाही, आये. मला फुटलाय."

ती तिथे जाऊन बसायची. मी काम आटपून तिला आणायला गेलो की भिंतीशी टेकून बसलेली दिसायची. घरी येताना बोलायची नाही. घरीही बोलायची नाही. तिखट संपलं, लाकडं ओली आहेत, एवढंच. मला वाटे, तिनं एकदा तोंडावर बोलावं, वाटेल ते बोलावं. ती बोलत नव्हती. मला कळत नव्हतं, ती माझ्यावर रागावली आहे, की आयेवर, की फादरवर, की ती रागावलेलीच नाही.

आठव्या दिवशी गेलो तर तिच्या हातात एक शिंपली. दगडाच्या खालच्या कोपऱ्यातला चुना तिनं टवके टवके करून काढला होता. तळव्याएवढा दगड उघडा पडला होता, काळा. त्यात तीन अक्षरं.

"काय लिहिलंय?" तिनं विचारलं.

"मला काय विचारतेस? मला कुठे येतं?"

"हा माझ्या पोरीच्या शेजारी आहे. कोण आहे ते मला कळायला नको?"

"सगळ्या गावाला ठाऊक आहे कोण आहे ते."

"म्हणूनच," ती म्हणाली. "मला तिला इथे ठेवायची नाही. फादरकडे चल."

गेलो. फादर इनास बागेत कोबीला पाणी घालत होते. झगा कमरेला खोचलेला. आम्हाला पाहून त्यांनी तो सोडला.

"फादर, तिला आत घ्या," रेमेतीन म्हणाली.

"बाय, मला घेता येत नाही. माझ्या हातात असतं तर..."

"मग तिच्या शेजारून त्याला काढा."

"कोणाला?"

"फास घेतलेल्या पाद्रीला."

फादर बघतच राहिले. "कोण फास घेतलेला पाद्री?"

आता आम्ही बघत राहिलो. गावातल्या शेंबड्या पोराला जे ठाऊक, ते फादरना ठाऊक नाही! मी त्यांना जमेल तशी हकिगत सांगितली.

"मला इथे येऊन दीड वर्ष झालं," ते म्हणाले. "जुन्या वह्या वाळवीनं खाल्ल्या. असा कोणी होता हे मी प्रथमच ऐकतोय. कोणी पाहिलं त्याला फास घेताना?"

"पाहणारे मेले," रेमेतीन म्हणाली.

"सांगणारे?"

"तेही मेले. आम्ही ऐकणारे."

फादर हसले नाहीत. झारी खाली ठेवून म्हणाले, "ते काही असो. तुझी मुलगी देवाच्या हातात आहे."

"कुठे आहे ती? नीट सांगा."

"पुस्तकात आहे तसं सांगू, की मला वाटतं तसं?"

"दोन्ही सांगा."

"पुस्तकात असं आहे की ती सुखात आहे. तिला दुःख नाही. पण देवाचं दर्शन तिला नाही."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

फादरनी झारी उचलून कोबीच्या शेवटच्या रोपाला पाणी घातलं. मग ते म्हणाले, "ऊन वाढलंय बाय. ओली बाळंतीण तू. घरी जा."

वाटेत रेमेतीन मला म्हणाली, "त्यांनाही माहीत नाही."

*

मृतांचा दिवस दोन नोव्हेंबरला. त्याआधीच्या सोमवारी आम्ही भिंतीचं काम काढलं. आतली बाजू दुपारपर्यंत झाली. मग बादल्या, शिडी, कुंचे घेऊन बाहेर आलो. रेमेतीन दगडासमोर उभी होती. शिंपलीनं तिनं आणखी दोन ओळी मोकळ्या केल्या होत्या. बोटांची कातडी सोललेली.

"वहिनी, बाजूला हो," घाब्रू म्हणाला. "कपड्यांवर उडेल."

"याच्यावर चुना लावायचा नाही."

"मग भिंतीला काय भोक ठेवायचं? पंच काय म्हणतील? बस्त्यावच्या बायकोनं भिंतीला खिडकी काढली?"

"म्हणू देत."

"अग, ज्याचं तोंड झाकलेलं बरं त्याचं कशाला उघडतेस? असेल त्याच्यात त्याच्या पापाची यादी. उद्या वाचून झोप लागायची नाही तुला."

"आत्ता लागते वाटतं मला?"

घाब्रूनं माझ्याकडे पाहिलं. "बाबा रे, तुझी बायको, तू बघ." आणि तो बिडी पेटवून झाडाखाली जाऊन बसला.

मी कुंचा बादलीत बुडवला. का बुडवला ते आजही सांगता येत नाही. हाताला सवय. दगडापर्यंत गेलो आणि तिनं माझं मनगट धरलं. कुंच्यातला चुना तिच्या पदरावर गळायला लागला.

"तू धावत गेलास," ती म्हणाली. "मी खिडकीतून पाहत होते. तू वाडीच्या टोकाला दिसेनासा झालास आणि मी आयेला म्हटलं, दे तिला माझ्याकडे. आयेनं दिली. तिचे डोळे उघडे होते, बस्त्याव. माझ्याकडे पाहत होती. अर्धा तास मी तिला सांगत होते, थांब, बाबा येतोय फादरना घेऊन. थांब. माझ्या उशाशी पाण्याचा तांब्या होता. मी त्यातलं पाणी प्यायले. तिला थांब म्हणत म्हणत मी पाणी प्यायले."

मला वाटत होतं ती मला दोष देईल. तीन आठवडे मी त्याची वाट पाहत होतो. आणि हे काय ती बोलत होती? मनगट तिच्या हातात, कुंचा माझ्या हातात.

"सोड," मी म्हणालो.

"नाही."

"सोड ग. शिंपलीनं किती दिवस खरवडशील? पट्टी आणतो."

लोखंडी पट्टी आमच्या सामानात होती. जुना चुना काढायचा तर आधी पाण्यानं भिजवायचा, मुरू द्यायचा, मग कडेकडेनं पट्टी घालून उचलायचा. घाई केली तर दगड ओरखडतो. मी बादलीभर पाणी दगडावर मारलं. थोडं थांबून वरच्या कडेला पट्टी घातली. भाकरीएवढा पोपडा सुटून खाली पडला. घाब्रूनं थोडा वेळ पाहिलं, बिडी विझवली आणि दुसरी पट्टी घेऊन खालून सुरुवात केली.

"शंभर वर्षांचा माल आहे," तो म्हणाला. "आपले आजोबा, आपले बाप, सगळे इथे चिकटलेत."

तासाभरात सगळा दगड मोकळा झाला. वर क्रूस, त्याखाली अकरा ओळी. अक्षरांच्या खाचांत चुना घट्ट बसला होता. काळ्या दगडावर पांढरी अक्षरं, जणू आत्ताच कोणी लिहिली. आम्ही तिघं समोर उभे राहिलो. तिघांपैकी एकालाही त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं.

"हे आपलं मराठी नाही," घाब्रू म्हणाला.

"तुला काय कळतंय?"

"मराठीला वर रेघ असते. एवढं मला दिसतं."

मी फादरना आणायला गेलो. या वेळी ते घरीच होते.

*

फादर गवतातून झगा सावरत आले. दगड पाहिला आणि चालता चालता थबकले. मग जवळ जाऊन गुडघ्यांवर बसले, नाक दगडाला लागेल इतके जवळ. बोट एकेका ओळीवरून फिरत होतं. ओठ हलत होते.

"लातिन आहे," ते म्हणाले.

"काय म्हणतो?" रेमेतीननं विचारलं.

ते वाचत शेवटपर्यंत गेले. मग परत वर गेले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले.

"फादर," घाब्रू म्हणाला, "शिव्या आहेत काय?"

फादर उठले नाहीत. तसेच गवतात बसले, भिंतीला पाठ लावून, जशी रेमेतीन बसायची. त्यांचा चेहरा कसला झाला होता ते मला सांगता येत नाही. मार खाल्लेल्या माणसासारखा म्हणावा, तर तसा नव्हता.

"ऐका," ते म्हणाले, आणि दगडाकडे न पाहता सांगू लागले.

"इथे पाद्री कायतान फ्रांसिस्क द मेनेझिस निजला आहे. तेवीस वर्षं या देवळाचा मुख्य पाद्री. पटकीच्या दोन साथींत यानं आजाऱ्यांना सोडलं नाही. मरताना यानं मागणं केलं की, ज्या लेकरांकडे मी पाणी घेऊन वेळेवर पोचलो नाही, त्यांना आत जागा नाही, तर मलाही नको. मला त्यांच्याजवळ ठेवा. त्याचं मागणं आम्ही रडत रडत पुरं केलं. त्याच्यासाठी प्रार्थना करा."

पलीकडे रहाटाचा आवाज येत होता.

"फास?" घाब्रूनं विचारलं.

"फास नाही. तापानं गेला. तेही आहे."

"मग बाहेर का?"

"सांगितलं ना. त्यानं मागितलं."

"असं मागता येतं?"

"मला माहीत नाही," फादर म्हणाले. "बिशपनी परवानगी कशी दिली, की विचारलंच नाही, काही माहीत नाही. पाद्रीला देवळात वेदीपुढे जागा असते. ती सोडून..." ते थांबले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बस्त्याव, त्या दिवशी विहिरीचा आशीर्वाद आठ वाजता संपला होता. मी न्याहारीला थांबलो. त्यांनी आग्रह केला. तू कधी आलास?"

मला घड्याळ कळत नव्हतं, आणि कळत असतं तरी मी सांगितलं नसतं. "ठाऊक नाही, फादर," मी म्हणालो.

रेमेतीन दगडाजवळ गेली. शेवटच्या ओळीवर तिनं बोट ठेवलं. "प्रार्थना करा म्हणालात, ते इथे आहे?"

"हो. ओराते प्रो एओ."

"ओरा प्रो नोबिस आम्ही म्हणतो ते?"

"तेच. ते आमच्यासाठी, हे त्याच्यासाठी."

लहानपणापासून आम्ही ते सूर धरून म्हणत आलो होतो, प्रत्येक सणाला. अर्थ कोणी विचारला नव्हता. ती ते अक्षर चाचपत उभी राहिली. मग खाली बसली आणि आमच्या मुलीच्या मातीवर पडलेले चुन्याचे पोपडे वेचू लागली.

फादर म्हणाले, "बाय, तरीही मला तिला आत नेता येत नाही. हा दगड आहे, हुकूम नाही."

"कोण म्हणतं न्या?" ती वर न पाहता म्हणाली. "आता हलवायची नाही तिला."

*

दोन नोव्हेंबरला संध्याकाळी गाव जमलं. दरवर्षीसारखं फादर कबरीकबरीला गेले, पवित्र पाणी शिंपडलं, प्रार्थना म्हटली. शेवटी ते मोठ्या क्रूसापाशी थांबतात आणि लोक घरी जातात. त्या वर्षी ते थांबले नाहीत. सरळ फाटकाबाहेर पडले आणि पश्चिमेकडे वळले.

लोक फाटकात खोळंबले. कोणाला काही समजेना. फादर चुकले का? एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "तिकडे कोणी नाहीये, फादर!" फादर गेलेच.

मी आणि रेमेतीन त्यांच्यामागे गेलो. मला वाटलं होतं आम्ही दोघंच असू. मग मागे गवत वाजलं. जाकी पेरेरीन आली. तिच्यामागे पेद्रीन सुईण. मग डाबऱ्यांची थोरली सून. मग आणखी. बायकाच. एकीनं दुसरीकडे पाहिलं नाही. त्या दगडाकडे आल्याच नाहीत. एक करवंदीपाशी जाऊन उभी राहिली, एक कातळाच्या कडेला, एक झाडाच्या बुंध्याशी. प्रत्येकीला आपली जागा ठाऊक होती. मी मोजल्या, चौदा.

पंधरावी माझी आय. ती उंडीच्या झाडापलीकडे गेली, जिथे मी त्या दिवशी मुळं लागली म्हणून खणणं सोडलं होतं. खाली वाकली आणि मेणबत्ती लावली.

मी तिच्याजवळ गेलो. "आये, इथे कोण?"

"तुझ्याआधीचा," ती म्हणाली. "मेलेलाच झाला होता."

"तू कधी बोलली नाहीस."

"काय बोलायचं? त्याला नाव कुठे होतं, बोलायला?"

फादर सगळ्यांच्या मधे उभे राहून प्रार्थना म्हणत होते.

दोन वर्षांनी आम्हाला दुसरी मुलगी झाली. आमच्यात पहिल्या मुलीला बापाच्या आयेचं नाव देतात. देवळात जायची तयारी झाली तेव्हा रेमेतीननं आयेला विचारलं, "कातरीनच ठेवायचं ना?"

"नाही," आय म्हणाली. "ते दिलेलं आहे."

"कोणाला?"

"थोरलीला. मी तेव्हाच दिलं. दुसरं काही बघा हिला."

फादर इनासनी ते ऐकलं. बाप्तिस्म्याशिवाय नाव देता येत नाही, असं ते म्हणाले नाहीत. दुसरीचं नाव आम्ही रोझा ठेवलं.

काही गोष्टी मला अजून उमगलेल्या नाहीत. फासाची गोष्ट कोणी रचली? माझ्या आजोबांनी पहिला कुंचा त्या दगडावर फिरवला तेव्हा त्यांना अक्षरं दिसत होती का? दिसत असतील तर त्यांनी का झाकली? विचारायला कोणी उरलं नाही. त्या वर्षापासून मी भिंतीला चुना देताना दगडाची जागा सोडत गेलो, एवढंच माझ्या हातात होतं. पुढे वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मोठ्यांच्या वर्गात बसून मी लिहा-वाचायला शिकलो. मग एक लहान काळा दगड आणून त्यावर छिन्नीनं स्वतः अक्षरं काढली, मराठी, वर रेघ असलेली. तो भिंतीला टेकून लावला आहे. त्यावर लिहिलंय ते असं:

कातरीन, रेमेतीन आणि बस्त्याव यांची थोरली मुलगी. मंगळवार, ९ ऑक्टोबर १९५६ रोजी सकाळी वारली. अर्धा तास जगली.